गुत्तीची दहा इंजिने आणि तेलातून वाहणारी शक्ती

२० जून २०२५ रोजी बिहारमधील सिवान येथील कार्यक्रमात पंतप्रधानांनी एका डिझेल लोकोमोटिव्हला हिरवा झेंडा दाखवला. शेजारच्या सारण जिल्ह्यात, मढौरा येथील कारखान्यात तयार झालेले हे लोकोमोटिव्ह पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशात, सिमांडूच्या लोहखनिज प्रकल्पासाठी जाणार होते. मागणी सुमारे दीडशे लोकोमोटिव्हांची, किंमत तीन हजार कोटी रुपयांहून अधिक. वृत्तपत्रांनी हे आकडे ठळक छापले, आणि ते स्वाभाविकही होते. मला मात्र त्या बातमीतील एक लहान तपशील अधिक बोलका वाटला. मढौऱ्याच्या आवारात तीन रुंदींचे रूळ टाकलेले आहेत: आपला ब्रॉडगेज, जगात सर्वाधिक प्रचलित असलेला स्टँडर्ड गेज आणि आफ्रिकेतील अनेक देशांचा केप गेज. स्वतःच्या रुळांवर कधीही न धावणारे यंत्र घडवायचे, तर परक्याचे रूळ आधी आपल्या अंगणात आणावे लागतात.

रूळ आणणे त्यातल्या त्यात सोपे. परक्या देशातील हवेची विरलता, तेथील धूळ, बोगद्यांची लांबी आणि तेथील शेडमधल्या कारागिराच्या हाताची सवय ही मात्र अंगणात आणता येत नाही. लोकोमोटिव्हच्या निर्यातीचा इतिहास हा बव्हंशी या न आणता आलेल्या गोष्टींचा इतिहास आहे. त्याचे सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे जर्मनीची डिझेल-हायड्रॉलिक लोकोमोटिव्हे. ती युगोस्लाव्हियात गेली, कॅलिफोर्नियात गेली, आणि १९७० साली आपल्याकडे, आंध्रातील गुत्तीलाही आली. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी वाचकाला जी गुत्ती ठाऊक असते, तीच ही.

प्रथम शब्दांचा एक घोळ मिटवतो. मराठीत आपण गाडी ओढणाऱ्या संपूर्ण वाहनालाही ‘इंजिन’ म्हणतो आणि त्याच्या पोटात डिझेल जाळणाऱ्या यंत्रालाही. या लेखाच्या शीर्षकात मी पहिला, रूढ अर्थ घेतला आहे. पुढे मात्र वाहनाला लोकोमोटिव्ह आणि पोटातील यंत्राला इंजिन म्हणेन.

आता मूळ अडचण. डिझेल इंजिन शून्य वेगाला शून्य शक्ती देते. ते आधी स्वतः फिरत असले पाहिजे, आणि फिरत असताना ते जे फिरवणारे बल देते, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, ते वेगाच्या मर्यादित पट्ट्यात जवळपास स्थिर असते. रेल्वेगाडीची गरज नेमकी उलटी. स्थिर उभ्या गाडीला हलवताना सर्वाधिक बल हवे आणि वेग वाढत जाईल तसे ते कमी चालते. बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती स्थिर ठेवायची असेल, तर बलाचा आलेख वेगाबरोबर अतिपरवलयासारखा उतरला पाहिजे. वाफेच्या लोकोमोटिव्हला हे आपोआप जमत असे, कारण सिलिंडरातील वाफ चाक उभे असतानाही दट्ट्यावर दाब देऊ शकते. डिझेलला जमत नाही. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये कोणीतरी दुभाषा हवा.

मोटारगाडीत हे काम गिअर आणि क्लच करतात. दोन हजार अश्वशक्तीचा क्लच घासून गाडी हलवू लागलो, तर तो मिनिटभरात जळून जाईल. म्हणून दोन मार्ग निघाले. पहिला विजेचा: इंजिनाने जनित्र फिरवावे, जनित्राने वीज द्यावी आणि प्रत्येक अ‍ॅक्सलवरील मोटरने चाक फिरवावे. दुसरा तेलाचा.

तेलाच्या मार्गाचा जनक हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता. तो श्टेटिन येथील जहाजबांधणीच्या गोदीत काम करीत होता आणि त्याच्यापुढचा प्रश्न रेल्वेचा नव्हताच. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र संथ फिरला तरच कार्यक्षम ठरतो. या दोघांचा मेळ कसा घालायचा? १९०५च्या पेटंटात त्याने दिलेले उत्तर आजही विलक्षण देखणे वाटते. टर्बाइनाने एक पंप फिरवावा, पंपाने द्रव फेकावा आणि त्या द्रवाच्या झोताने दुसरे टर्बाइन फिरावे. पंप आणि टर्बाइन यांच्यामध्ये नळ्या नकोत. दोघांची पाती एकाच बंद कड्यात समोरासमोर बसवावीत. आणि त्यांच्यामध्ये तिसरे, न फिरणारे पात्यांचे कडे ठेवावे.

या तिसऱ्या कड्यातच सारी करामत आहे. पंप आणि टर्बाइन एवढेच असतील, तर जेवढा टॉर्क आत जातो तेवढाच बाहेर येतो. न्यूटनचा नियम दुसरे काही होऊच देत नाही. पण स्थिर पाती द्रवाची दिशा वळवतात, त्या वळणाची प्रतिक्रिया लोकोमोटिव्हच्या सांगाड्यावर पडते आणि तेवढी भर टर्बाइनच्या टॉर्कमध्ये पडते. टर्बाइन उभे असेल तेव्हा ही भर सर्वाधिक. ते वेग घेऊ लागले की भर आपोआप उतरते. रेल्वेला हवा असलेला आलेख द्रवाच्या गतिकीतून विनासायास मिळतो. जहाजांनी पुढे अचूक दंतचक्रे उपलब्ध झाल्यावर फ्योटिंगरची युक्ती सोडून दिली. ती वाढली रेल्वेत, आणि आज मोटारींच्या स्वयंचलित गिअरमध्येही ती घरोघरी पोहोचली आहे.

या युक्तीला किंमत मोजावी लागते ती उष्णतेच्या रूपात. टॉर्क कन्व्हर्टर ८० ते ९० टक्के शक्ती पुढे पोहोचवतो, तीही त्याच्या आवडत्या वेगाच्या आसपास. दोन हजार अश्वशक्ती म्हणजे सुमारे दीड हजार किलोवॉट. त्यातले २० टक्के जरी तेलात जिरले, तरी ३०० किलोवॉट उष्णता झाली. म्हणजे आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे दीडशे गिझर एकाच वेळी एका पिंपात सोडल्यासारखे. हे तेल सतत थंड करीत राहावे लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागेल.

वेगानुसार कार्यक्षमता घसरू नये म्हणून जर्मनांनी दोन तोडगे काढले. हायडेनहाइमच्या फॉइट कंपनीने, जी मुळात जलविद्युत टर्बाइने बनवणारी, एकाच पेटीत निरनिराळ्या वेगांसाठी निरनिराळे कन्व्हर्टर बसवले. गाडी वेग घेईल तसे एकातले तेल रिकामे करायचे आणि दुसऱ्यात भरायचे. मायबाख कंपनीने ‘मेकिड्रो’ नावाच्या रचनेत कन्व्हर्टर एकच ठेवला आणि त्याच्यामागे चार वेगांची गिअरपेटी जोडली. मायबाखचे मूळ कूळ झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनवणाऱ्यांचे. प्रत्येक किलो वाचवण्याची त्यांची सवय रेल्वेतही टिकली, आणि या गोष्टीतले अर्धे यश व अर्धे अपयश त्या सवयीतूनच आले असे मला वाटते.

१९५३ साली म्युनिकच्या क्राउस-माफाय कारखान्यातून ‘व्ही २००’ बाहेर पडले. दोन मायबाख इंजिने, नंतरच्या मालिकेत प्रत्येकी ११०० अश्वशक्तीची. चार अ‍ॅक्सल, ताशी १४० किलोमीटर वेग, आणि वजन फक्त सुमारे ८० टन. या ‘फक्त’चा अर्थ ब्रिटनच्या आकड्यांवरून कळतो. ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागाने व्ही २००चा परवाना घेऊन, आपल्या अरुंद बोगद्यांत बसेल असे आकसलेले रूप १९५८पासून बांधले. ही ‘वॉरशिप’ लोकोमोटिव्हे साधारण ७८ टनांची. त्याच वर्षी, त्याच देशात इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे दोन हजार अश्वशक्तीचे डिझेल-इलेक्ट्रिक आले, त्याचे वजन १३३ टन. म्हणजे तेवढीच शक्ती देण्यासाठी पंचावन्न टन लोखंड आणि तांबे अधिक, आणि ते प्रत्येक चढावर स्वतःलाच ओढत न्यायचे. कागदावर हा वाद तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, याचे कारण निर्यात.

युगोस्लाव्हियाला हवी होती ती मार्शल टिटोंच्या निळ्या खास गाडीसाठी लोकोमोटिव्हे. त्यांच्या रुळांना चार अ‍ॅक्सलांवरचा भार झेपणारा नव्हता. क्राउस-माफायने व्ही २००ची यंत्रणा तशीच ठेवून तिच्याखाली तीन-तीन अ‍ॅक्सलांच्या बोगी दिल्या, जेणेकरून वजन सहा ठिकाणी विभागले जाईल. अशी तीन लोकोमोटिव्हे बांधली गेली, आणि १९५७ साली त्यांची ऑस्ट्रियातील सेमरिंगच्या घाटात कसून परीक्षा झाली. सेमरिंगचा चढ साधारण चाळीसास एक. आपल्या बोरघाटाचा सदतीसास एक. दोन्ही घाट एकाच पिढीचे: सेमरिंग १८५४चा, बोरघाट १८६३चा. परीक्षा उत्तम पार पडली. रूपांतराचा हा पहिला प्रयोग यशस्वी झाला, कारण बदलायची गोष्ट एकच होती आणि ती रेखांकनाच्या फळ्यावर मोजता येत होती.

अमेरिकेच्या दोन रेल्वे कंपन्यांना, डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न आणि सदर्न पॅसिफिक यांना, नेमके डोंगरांसाठीच काही हवे होते. त्या काळी तेथील डिझेल-इलेक्ट्रिक लोकोमोटिव्हे दोन-अडीच हजार अश्वशक्तीच्या आत अडकली होती. जड मालगाडी घाट चढवायला सहा-सात एकापुढे एक जोडावी लागत. क्राउस-माफायने त्यांच्यासाठी दोन हजार अश्वशक्तीची दोन इंजिने असलेले, सहा अ‍ॅक्सलांचे ‘एमएल ४०००’ घडवले. १९६१च्या अखेरीस प्रत्येकी तीन लोकोमोटिव्हे अमेरिकेत दाखल झाली. एका बोगीची तिन्ही अ‍ॅक्सले शाफ्टांनी एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एखादेच चाक घसरून भिरभिरण्याचा प्रश्न नव्हता. चढावर ही मोठी गोष्ट आहे.

अडचणी आल्या त्या चढामुळे नव्हेत. सेमरिंगला रूळ समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आतच राहतात. रिओ ग्रांदेच्या मार्गावरील टेनेसी खिंडीत रूळ ३१०० मीटरवर जातात, आणि सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मोफाट बोगदा २८०० मीटरवर आहे. तीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उरते. शीतक पंखा तेवढीच घनमीटर हवा ओढतो, पण उष्णता वाहून नेते ते हवेचे वस्तुमान. म्हणजे पंखा तोच, रेडिएटर तोच, आणि काढता येणारी उष्णता पंचवीस टक्क्यांनी कमी. इकडे दोन इंजिनांच्या दोन कन्व्हर्टरांतून मिळून तीनशे गिझरांची उष्णता तेलात येत असते. इंजिनांची स्वतःची वेगळीच. त्यात लांब बोगदे. सदर्न पॅसिफिकच्या सिएरा नेवाडातील मार्गावर बोगद्यांबरोबर हिमवर्षावापासून रक्षण करणारी लाकडी छपरेही मैलोगणती होती. अशा बंदिस्त जागी लोकोमोटिव्ह आपल्याच धुराड्यातून निघालेली तप्त हवा पुन्हा आत ओढी आणि तापे. चढ मोजणाऱ्यांनी हवा मोजायची राहून गेली, असे आज मागे वळून म्हणणे सोपे आहे. सेमरिंगच्या घाटात ही हवा मोजायची तरी कशी, हाही प्रश्न आहेच.

येथे थोडे विषयांतर. माझ्या कामात अतिशीत तापमान लागते, आणि त्यासाठीचा एक हेलियम कॉम्प्रेसर आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून आला होता. पुस्तिकेत शीतक पाण्याचे तापमान अमुक अंशांपेक्षा कमी असावे एवढी एक ओळ होती. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी ती मर्यादा ओलांडी आणि यंत्र दुपारी दोनच्या सुमारास इमानाने बंद पडे. पुरवठादाराचा माणूस आला, सगळे तपासले आणि यंत्रात दोष नसल्याचा शेरा लिहून गेला. शेरा अचूक होता. आम्ही शेवटी पाण्यासाठी वेगळा चिलर बसवला, त्याची किंमत प्रस्तावात कुठेच धरलेली नव्हती. एमएल ४०००च्या हकिकती वाचताना मला तो शेरा वारंवार आठवतो.

हवेपेक्षाही अवघड गोष्ट होती चाकाची. शाफ्टांनी जखडलेली अ‍ॅक्सले एकाच वेगाने फिरतात. मग त्यांच्या चाकांचे व्यासही समान हवेत. समजा, एका चाकाचा व्यास एक मीटर आणि शेजारच्याचा झिजून एक मिलिमीटर कमी झाला. प्रत्येक फेऱ्यात सुमारे तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि किलोमीटरभरात तीनशेहून अधिक फेरे होतात. म्हणजे दर किलोमीटरला एक चाक दुसऱ्यापेक्षा एक मीटर मागे पडू पाहते. ते पडू शकत नाही; मग शाफ्ट पिळवटतो, आणि कुठेतरी चाक रुळावर घासून हिशेब चुकता करते. जर्मन शेडमध्ये चाके नियमाने एकत्र कातून समान ठेवली जात. ज्या शेडमध्ये प्रत्येक अ‍ॅक्सलला स्वतंत्र मोटर असलेली लोकोमोटिव्हे सांभाळण्याची रीत आहे, तेथे हे कसोशीचे काम कोणाच्या दिनक्रमातच नसते. मायबाखचे इंजिनही असेच: मिनिटाला दीड हजारांहून अधिक फेरे, अतिशय आटोपशीर, आणि म्हणून हात घालायला जागा नाही. अमेरिकन इंजिने अवजड, हजार फेऱ्यांच्या आतली, आणि साध्या पान्याने उघडतील अशी.

क्राउस-माफाय स्वस्थ बसली नाही, हे नोंदवले पाहिजे. तिने रचनेचा फेरविचार केला. १९६३-६४ साली सदर्न पॅसिफिकला दिलेल्या पुढच्या १५ लोकोमोटिव्हांत जर्मन थाटाची बंद पेटी जाऊन अमेरिकन पद्धतीचा अरुंद कोश आला, ज्याच्या बाजूची दारे उघडून इंजिनापर्यंत पोहोचता येई. रिओ ग्रांदेने मात्र तोवर कंटाळून आपली तिन्ही सदर्न पॅसिफिकला विकली. दरम्यान अमेरिकन कारखानदार जागे झाले होते. १९६५च्या सुमारास जनरल मोटर्सचे एकाच इंजिनाचे ३६०० अश्वशक्तीचे डिझेल-इलेक्ट्रिक बाजारात आले, आणि जर्मनांकडून जे हवे होते ते घरीच मिळू लागले. १९६८पर्यंत एकवीसही जर्मन लोकोमोटिव्हे सेवेतून गेली. त्यातले एक, क्रमांक ९०१०, चालकांच्या प्रशिक्षणासाठी मार्गाचे चित्रीकरण करणारी कॅमेरागाडी होऊन वाचले. कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी पुढे त्याला पुन्हा मूळ रूप दिले आहे.

यावरून ‘हायड्रॉलिक वाईट, इलेक्ट्रिक चांगले’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. जपान त्यांना खोटे ठरवतो. जपानी राष्ट्रीय रेल्वेने १९६२ ते १९७८ या काळात डीडी ५१ जातीची ६४९ डिझेल-हायड्रॉलिक लोकोमोटिव्हे बांधली आणि ती दशकानुदशके चालवली. हलके रूळ, एकच मालक, एकच जात मोठ्या संख्येने, आणि तिच्यावर वाढलेले कारागीर. ब्रिटनमध्ये या चारही गोष्टी पुरेशा नव्हत्या. तेथील शेवटची हायड्रॉलिक मुख्य मार्गावरून १९७७ साली गेली.

आता भारत. आपल्या मुख्य मार्गांवरील डिझेलयुगाची सुरुवात १९५७ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या १०० लोकोमोटिव्हांनी झाली. गंमत म्हणजे तीही खास निर्यातीसाठी आखलेली जात होती, पण डिझेल-इलेक्ट्रिक. १९६२ला अल्कोचेच पुढचे, २६०० अश्वशक्तीचे रूप आले. वाराणसीत डिझेल लोकोमोटिव्ह कारखाना उभा राहिला, आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याचे पहिले लोकोमोटिव्ह लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. या निवडीमागे माझ्या मते एक खोल शहाणपण होते. चित्तरंजन येथे तेव्हा विजेची लोकोमोटिव्हे बनू लागली होती. अ‍ॅक्सलवरची मोटर दोन्हींत लागते. एकदा ती गुंडाळायला, वाळवायला, दुरुस्त करायला शिकलेला कारागीर दोन्हीकडे उपयोगी पडतो. टॉर्क कन्व्हर्टर शिकलेल्याचे तसे नाही.

तरीही १९७० साली भारतीय रेल्वेने हायड्रॉलिकची परीक्षा घेतली. जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचे २५०० अश्वशक्तीचे, मेकिड्रो ट्रान्समिशनचे, चार अ‍ॅक्सलांचे लोकोमोटिव्ह आपल्या ब्रॉडगेजसाठी जुळवून घेण्यात आले. दहा नग आले, त्यांना ‘डब्ल्यूडीएम-३’ असा वर्ग मिळाला आणि ती गुत्तीच्या शेडला देण्यात आली.

गुत्ती रायलसीमेत आहे. कोरडा, तापणारा प्रदेश, उन्हाळ्यात सावलीतला पारा चाळिशी सहज ओलांडतो. येथे उंचीचा प्रश्न नाही, तापमानाचा आहे, आणि त्याचे गणितही तितकेच निष्ठुर. रेडिएटरातून उष्णता बाहेर पडते ती आतील पाणी आणि बाहेरील हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात. आत ८५ अंश आणि बाहेर म्युनिकमधला २५ अंशांचा उन्हाळा असेल, तर फरक ६०. बाहेर ४५ अंश असतील, तर फरक ४०. म्हणजे तोच रेडिएटर आपले दोन-तृतीयांश काम करतो. उरलेल्या एक-तृतीयांशासाठी मोठा रेडिएटर आणि मोठा पंखा द्यावा लागतो. त्यात वजन जाते, शक्ती जाते, आणि हायड्रॉलिकचा जो मूळ लाभ, हलकेपणा, तोच थोडाथोडा गळू लागतो. हलकेपणाचे आपल्याला तसे आकर्षणही कमी होते. ब्रॉडगेज मालगाडीला पकड हवी, आणि पकड वजनातून येते. मुख्य मार्गावर अशी दहाच आली. अकरावे कधी आले नाही. शेकडोंच्या अल्को ताफ्यात दहा परक्या लोकोमोटिव्हांसाठी वेगळे सुटे भाग, वेगळी हत्यारे आणि वेगळे कसब सांभाळणे कोणत्याही शेडला जड जाणारच.

एवढ्यावरच थांबलो, तर भारतातील हायड्रॉलिकची गोष्ट अपयशाची ठरेल, आणि ते अन्यायाचे होईल. कारण तिचा दुसरा, अधिक मोठा आणि आपला स्वतःचा भाग मनमोहन सूरी यांच्या नावे आहे. सूरी हे भारतीय रेल्वेतील यांत्रिकी अभियंते. कन्व्हर्टर हलवण्याच्या वेळी उत्तम, पण गाडी वेगात आली की तो विनाकारण तेल तापवत राहतो, हे दुखणे त्यांनी हेरले. त्यांचे ‘सूरी ट्रान्समिशन’ द्रव आणि यंत्र यांची जोडी घालते: निघताना आणि मंद वेगाला शक्ती कन्व्हर्टरमधून जाते, वेग आल्यावर सरळ यांत्रिक जोडणीतून. कल्पना सांगायला सोपी आहे. सारा कस लागतो तो मधल्या क्षणी. शेकडो अश्वशक्ती एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर वळवताना गाडीला हिसका बसता कामा नये आणि ओढ क्षणभरही तुटता कामा नये. आजच्या मोटारींच्या स्वयंचलित गिअरमध्ये कन्व्हर्टर ‘लॉक’ होतो, त्याच घराण्याचा हा विचार. सूरींना १९६१ साली पद्मश्री आणि १९६२ साली अभियांत्रिकीसाठीचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत तेथे ज्या देशी ट्रॅक्टरचा आराखडा झाला, तो आपण ‘स्वराज’ या नावाने ओळखतो. ट्रॅक्टरमुळे जेवढे लोक सूरींचे ऋणी आहेत, त्यातल्या फार थोड्यांना त्यांचे नाव माहीत असावे.

सूरी ट्रान्समिशन बसले ते मुख्य मार्गाच्या रुबाबदार लोकोमोटिव्हांत नव्हे. ते चित्तरंजनमध्ये बनलेल्या, यार्डात डबे पुढेमागे करणाऱ्या सहा-सातशे अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूडीएस-४’ शंटिंग लोकोमोटिव्हांत बसले, आणि कालका–शिमल्यासारख्या डोंगरी नॅरोगेजवरील ‘झेडडीएम-३’मध्ये. हे काम दुय्यम वाटेल, पण भौतिकीच्या दृष्टीने ते हायड्रॉलिकचे हक्काचे घर आहे. शंटिंग म्हणजे सतत निघणे आणि थांबणे, कधी पूर्ण जोर लावून जागच्या जागी उभे राहणे. विजेची मोटर उभ्या अवस्थेत जोराचा प्रवाह घेत राहिली, तर तिच्या कम्युटेटरवर एकाच जागी जळते. कन्व्हर्टरचे टर्बाइन उभे राहिले, तर फक्त तेल तापते, आणि ते थंड करायला पुढच्या फेरीपर्यंत वेळ असतो. डोंगरी नॅरोगेजवर तर लहान बोगीत मोटर बसवायला जागाच मोजकी.

चित्तरंजनने १९६८ ते १९९३ या काळात निरनिराळ्या जातींची एकूण ८४२ डिझेल-हायड्रॉलिक लोकोमोटिव्हे बांधली. गुत्तीची दहा आणि चित्तरंजनची ८४२, ही तुलना काटेकोरपणे समान पातळीवरची नाही. एकीकडे अडीच हजार अश्वशक्ती आहे, दुसरीकडे तिचा चौथा भाग. पण एक फरक आकारापलीकडचा आहे. चित्तरंजनचे यंत्र ज्या उन्हात चालायचे त्याच उन्हात आखले, जुळवले आणि बिघडल्यावर उघडले गेले. त्याच्या पुस्तिकेतील ‘सामान्य तापमान’ हे आपले सामान्य तापमान होते.

अल्कोचेही असेच काहीसे झाले. मूळ कंपनीने १९६९ साली लोकोमोटिव्ह बनवणे बंद केले. वाराणसीत मात्र तिच्या आराखड्यावरची लोकोमोटिव्हे पुढे कित्येक दशके बनत राहिली, आपल्या गरजेनुसार बदलत राहिली, आणि १९७६ साली टांझानियाला निर्यातही झाली. मढौऱ्याहून गिनीला निघालेली ४५०० अश्वशक्तीची लोकोमोटिव्हे अमेरिकन कुळातील आराखड्यावर, भागीदारीत बनलेली आहेत, तीही डिझेल-इलेक्ट्रिकच. सिमांडू विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहे, पाऊस मुसळधार, माती लाल आणि बारीक. तेथील एअर फिल्टर किती आठवड्यांनी बदलावा लागेल, याचा आकडा मला हिरव्या झेंड्याच्या छायाचित्रापेक्षा अधिक जाणून घ्यायला आवडेल. दोन-तीन वर्षांत गिनीच्या शेडमधून मढौऱ्याला ज्या तक्रारी येतील, त्या कोणी जपून ठेवील का, हेही.

गुत्तीच्या त्या दहा लोकोमोटिव्हांचे म्हणाल, तर त्यांचे नावही आता त्यांच्याकडे राहिलेले नाही. आज कोणत्याही शेडमध्ये ‘डब्ल्यूडीएम-३’ म्हटले, की समोरचा ‘३ए’ समजतो: वाराणसीचे, तीन हजारांच्या वर्गातले, अल्को वंशाचे डिझेल-इलेक्ट्रिक.